मुहूर्ताची शेवई

हिरूमावशीची शेवई कधी तुटत नसे, असं डहाणूच्या त्या आळीत आजही सांगतात. ते खरं नाही. तुटायची. मी चार उन्हाळे तिच्यासमोर शेवईचं टोक धरून उभी राहिलेली आहे, मला माहीत आहे. शेवई तुटली की दुसऱ्या बाया आधी पिठाला बोलतात, मग गव्हाला, मग गिरणीवाल्याला आणि शेवटी घरातल्या सुनेला. हिरूमावशी कुणालाच बोलायची नाही. तुटलेला तुकडा उचलून गोळ्यात परत दाबायची आणि म्हणायची, "चल, धर परत."

माणूस गेलं की लोक त्याच्या हाताला नसलेले गुण चिकटवतात. मला तसं करायचं नाही. ती होती तशी सांगायची आहे.

मी रानशेतची. वडील चिकूच्या वाडीत रोजानं जायचे, आई लावणीला, कापणीला. आमच्या पाड्यावर पदवीचं प्रमाणपत्र पहिल्यांदा आलं ते माझ्या नावाचं, आणि हे मी न लाजता कुठेही सांगते. पण कॉलेज डहाणूला, आणि संध्याकाळची एसटी येईल तर येईल. म्हणून आई आणि मी खोली शोधायला निघालो. पाड्याचं नाव सांगितलं की रिकामी खोली अचानक भरलेली निघायची. शेवटी आईला हिरूमावशी आठवली. पावसाळ्याच्या आधी ती सुक्या बोंबलाची टोपली घेऊन आमच्याकडे यायची, बोंबील द्यायची आणि तांदूळ, नागली घेऊन जायची. आईची तिची ओळख तेवढीच. आईनं विचारलं, पोरीला ठेवशील का. हिरूमावशीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"केसांना बोंबलाचा वास लागेल. कॉलेजात पोरी हसतील. चालेल?"

मी चालेल म्हटलं.

"मग पेटी आण."

घर किनाऱ्याला लागून. पुढे आळी, मागे वाळू, आणि वाळूत बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या. घरात दोघीच, ती आणि तिची मुलगी नीलू. नीलू माझ्याच वयाची, फुग्यांच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या मनगटापर्यंत पांढरी पावडर असायची, आणि हिरूमावशी म्हणायची, "आली माझी भुताची पोर."

हिरूमावशी खुर्चीवर बसलेली मी कधी पाहिली नाही. पाहुणे आले की ती खुर्ची त्यांच्याकडे सरकवायची आणि स्वतः दाराला टेकून उभी राहायची. तिच्याकडे तीन भाषा होत्या. व्यापाऱ्यांशी गुजराती, नीलूशी घरची बोली, आणि माझ्याशी कचेरीतली मराठी, जी ती इस्त्रीच्या साडीसारखी जपून वापरायची. मी म्हटलं, मावशी, माझ्याशी घरच्यासारखं बोला. तर म्हणाली, "तू शिकतेस ना, मग मला पण सराव होऊ दे."

एप्रिल उतरला आणि बोंबलाचं काम कमी झालं की ती शेवयांना लागायची. स्वतःच्या घरच्या आणि आळीत ज्या घरी लग्न असेल त्या घरच्या. गहू ओलवून, सावलीत सुकवून दळायचे, ते मलमलच्या फडक्यातून चाळायचे. इथवर सगळ्यांचं सारखंच. मग दुसऱ्या बाया मिठाच्या पाण्यात पीठ भिजवतात. हिरूमावशी शहाळ्याच्या पाण्यात भिजवायची. ही तिच्या आईची रीत, उंबरगावकडची. मी पहिल्याच वर्षी विचारलं, शहाळ्याच्या पाण्यानं काय होतं?

"शेवया होतात."

यापुढे तिच्याकडून काही मिळालं नाही. भिजवलेलं पीठ ती पाट्यावर वरवंट्यानं कुटायची, पुन्हा मळायची, पुन्हा कुटायची. मग चिमूट घेऊन बोटांत दाबायची आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या कानाची पाळी दाबून बघायची. दोन्ही सारखं लागलं की पीठ झालं. पीठ झालं की लाकडी पाट खाटेला तिरका टेकवायचा, वरच्या टोकाला गोळा ठेवायचा आणि तळव्यानं खाली वळत न्यायचा. पाटाच्या खालच्या टोकातून शेवई निघते. ते टोक दुसऱ्या बाईनं धरून मागे मागे जायचं असतं. तिचा तळवा आणि तुमची पावलं यांची चाल जमली तर शेवई सुतासारखी येते, नाही जमली तर तुटते. पहिल्या वर्षी माझी चाल जमत नव्हती. ती म्हणाली, "एसटी पकडायची आहे का? मागे बघू नको. माझ्या हाताकडे बघ."

शेवया करताना दरवर्षी ती एक गोष्ट सांगायची, तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याची. घरी नणंदेचं लग्न, हिनं माहेरच्या रीतीनं शेवया केलेल्या आणि वाळायला काठ्या कमी पडलेल्या. नवरा दामोदर मदत करायला म्हणून उठला आणि अर्ध्या शेवया उचलून मागच्या वलांडीवर टाकून आला. वलांडीवरचे बोंबील कालच उतरवलेले. लग्नाच्या पंक्तीला नारळाच्या रसातल्या शेवया वाढल्या आणि पहिल्या घासाला सगळी पंगत एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. गोडात बोंबील. सासरे खाली मान घालून बसले. दामोदरनं मात्र वाटी संपवली, परत मागितली, आणि भर पंक्तीत विचारलं, "काय वाईट आहे यात? आपलंच तर आहे सगळं."

हे सांगताना ती हसायची आणि शेवटी म्हणायची, "त्यांना काही कळतच नाही. गूळ पण जास्त लागतो."

मी मराठी घेऊन बी.ए. करत होते. 'लागतो', 'लागायचा' नाही, हे माझ्या लक्षात आलं. त्यामागचं कारण पुढे आळीतून कळलं. दामोदर समुद्रावर गेला होता ते मी यायच्या बऱ्याच आधी. वादळात बोट बुडाली. बरोबरच्या सगळ्यांचे देह एकेक करून किनाऱ्याला लागले, कुणाचा घोलवडकडे, कुणाचा पार नारगोळला. दामोदर लागला नाही. आळीनं वाट बघितली, मग बायांनी हिरूमावशीला समजावलं की आता करायचं ते करून घे. ती म्हणाली, "मी काही बघितलं नाही. न बघितलेल्याला हो कसं म्हणू?" क्रियाकर्म झालं नाही. कुंकू कपाळावर राहिलं, हातात बांगड्या राहिल्या. बाजारात कुणी अनोळखी बाईनं मालक काय करतात म्हणून विचारलं तर ती सांगायची, "समुद्रावर गेलेत." गेले नाही, गेलेत. त्या एका 'त'वर ती उभी होती. तो परत येईल असं मात्र ती कधीच म्हणाली नाही. मी चार वर्षांत एकदाही ऐकलं नाही.

आळीनं तिच्यासाठी मधला रस्ता काढला होता. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, हळदीकुंकवाला कुणी बोलवायचं नाही. शेवयांना मात्र तिच्यावाचून अडायचं. त्या आळीत लग्नाच्या शेवयांचा मुहूर्त असतो. पाटाला हळदकुंकू लावून पहिली शेवई सवाष्णीनं ओढायची, ती वेगळी वाळवायची, आणि लग्नाच्या दिवशी नवरानवरीचा पहिला घास त्या शेवईचा. आमच्या पाड्यावर लग्न लावायलाच बाई असते, धवलेरी, तरी तिच्या हाताशी सवाष्णीच लागतात. त्यामुळे मला ही रीत परकी वाटली नाही. आळीत सगळ्यात मोठ्या गजराआत्या. त्या प्रत्येक लग्नघरी तेच म्हणायच्या, "हिरू, पीठ तू मळ. पाटाला आम्ही बसतो." हिरूमावशी पीठ मळून द्यायची आणि भिंतीकडे सरकायची. मुहूर्ताची शेवई निघाली की बाया उठायच्या, ही पाटाला बसायची आणि दुपारपर्यंत उठायची नाही. तिनं कधी वाद घातला नाही. मीच एकदा रागावून म्हटलं, तुम्ही ऐकून का घेता? म्हणाली, "लग्न त्यांच्या घरचं आहे."

मी बी.ए. झाले त्या वर्षी लग्न तिच्या घरचं निघालं.

नीलूचं उंबरगावला जमलं. मुलगा कंपनीत, माणसं साधी, मागणं काही नाही. त्यांनी एकच सांगितलं, पत्रिका आम्ही छापतो, तुमच्याकडचा मजकूर पाठवा. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात शिकलेली मी. मी सगळं लिहिलं, आणि नवरीच्या बापाच्या नावापाशी येऊन थांबले. श्री. दामोदर की कै. दामोदर?

त्याच आठवड्यात गजराआत्या आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मुहूर्ताला कोण बसणार हे ठरवायला आल्या होत्या, आणि हिरूमावशी काही बोलायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, "तुझ्या लेकीचा मुहूर्त आहे. तू बस, बसू नको, मी बोलणार नाही. पण पत्रिकेवर काय छापतेस ते आळी वाचणार आहे, हिरू."

म्हणजे सगळं त्या एका अक्षरावर आलं. श्री. छापलं तर हिरूमावशी सवाष्ण, आणि लेकीची पहिली शेवई तिनं ओढायला कुणाची हरकत नाही. कै. छापलं तर तिनं पीठ मळायचं आणि भिंतीकडे सरकायचं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीच्या लग्नात. मला यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. तिलाही नव्हतं.

मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी मुलाच्या मामांचा फोन आला, प्रेसवाला थांबलाय, तेवढं नावाचं सांगा. हिरूमावशी मला म्हणाली, "श्री. लाव. विचारायचं काय त्यात?"

मी फोनवर सांगणार तेवढ्यात नीलू मोरीतून हात धुऊन आली आणि म्हणाली, "सुनंदा, थांब." मी मामांना थोड्या वेळानं कळवते म्हटलं आणि फोन ठेवला.

नीलू कमी बोलणारी. त्या दिवशी ती आईकडे बघतसुद्धा नव्हती, हात पुसत होती, पुसून झाले तरी पुसत होती. म्हणाली, "आई, बाबांच्या बोटीवरच्या सगळ्यांच्या घरी रडले. पोरी रडल्या, आठ दिवसांनी उठल्या, जेवल्या, शाळेत आल्या. मला शाळेत विचारायचे, मी सांगायची समुद्रावर गेलेत. कारखान्यात विचारतात, मी तेच सांगते. आता सासरी पण तेच सांगू? मी अजून रडलेली नाही. रडले असते तर तुझं खोटं पडलं असतं."

हिरूमावशी दाराला टेकून उभी होती, तशीच उभी राहिली. मला म्हणाली, "मामाला सांग, सकाळी कळवते." मग आत जाऊन तिनं उद्याच्या शहाळ्यांवर ओलं फडकं टाकलं. ताटं वाढली. तिघी जेवलो.

सकाळी उजाडत होतं तेव्हा तिनं मला हलवून उठवलं. ती अंघोळ करून बसली होती. अंगावर हिरवं लुगडं, हातात होत्या तेवढ्या सगळ्या बांगड्या, कपाळावर कुंकू, रोजच्यापेक्षा मोठं. पीठ मळून तयार होतं, पाट खाटेला टेकवलेला, त्याला हळदकुंकू लावलेलं. आळीतल्या बाया यायला अजून वेळ होता.

"धर," ती म्हणाली.

मी टोक धरलं. ती पाटाला बसली आणि तळवा फिरवायला लागली. मी मागे मागे जात राहिले, खोलीतून मागच्या दारात, दारातून ओसरीवर, ओसरीवरून खाली वाळूत. मी तिच्या हाताकडेच बघत होते. गोळा लहान होत गेला, संपत आला, पाटाला फक्त पिठाचा ओला डाग राहिला. त्या दिवशी शेवई तुटली असती तर तिनं काय केलं असतं, हे मी तिला नंतरही विचारलं नाही. आम्ही दोघींनी शेवई काठीवर घातली.

मग ती मोरीपाशी गेली. तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळ पुसलं. बांगड्या फोडल्या नाहीत. पिठाच्या हातानं एकेक सरकवून काढल्या आणि कोनाड्यात ठेवल्या. नीलू उठून आतल्या दारात उभी होती, तिनं सगळं पाहिलं होतं. हिरूमावशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि जशी कुणी बातमी घेऊन यावं तशी म्हणाली, "नीलू, तुझे बाबा गेले."

नीलू उंबऱ्यावर खाली बसली. आधी आवाजच आला नाही, मग आला. मी तसं रडणं त्याआधी ऐकलं नव्हतं. हिरूमावशी तिच्याशेजारी बसली, पिठाचा हात तिच्या पाठीवर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कै. लिही."

बाया आल्या त्या हळदीकुंकवाची ताटं घेऊन, हसत. गजराआत्या पुढे. त्यांना आधी काठीवरची शेवई दिसली.

"हे कुणी ओढलं?"

"मी," हिरूमावशी म्हणाली.

"कधी?"

"कुंकू होतं तेव्हा."

गजराआत्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं. हातातलं ताट त्यांनी माझ्याकडे दिलं, तिच्यापाशी जाऊन बसल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या, जशा बाया मयताच्या घरी पडतात. मग बाकीच्याही बसल्या. लग्नाच्या मुहूर्ताला आलेल्या बाया दामोदरसाठी रडल्या, नाव घेऊन, त्याच्या खोड्या सांगून. मागून एका सुनेनं हळूच विचारलं की मग सुतकाचं काय, लग्न कसं करायचं. गजराआत्यांनी डोळे पुसता पुसता तिला झाडलं, "सुतक कधीच फिटलं. आज तिनं फक्त सांगितलंय." सगळ्यांनी तोंडं धुतली. गजराआत्या पाटाला बसल्या. त्या दिवशीची दुसरी शेवई त्यांची, आणि ती दोनदा तुटली.

लग्नात मुहूर्ताची शेवई नारळाच्या रसात शिजवून नवरानवरीला दिली. त्या घासाबद्दल आळीत पुढे पुष्कळ बोलणं झालं. विधवेची म्हणावी की सवाष्णीची, यावर दोन बाजू पडल्या. हिरूमावशी दोन्ही बाजूंना चहा पाजायची.

मला तलासरीला शाळेत नोकरी लागली आणि मी डहाणू सोडलं. पुढच्या वैशाखात गजराआत्यांच्या नातीचं लग्न होतं, मला आग्रहाचं बोलावणं आलं. मी मुहूर्तालाच गेले. मनात होतं की आता काहीतरी बदललेलं बघायला मिळेल. हिरूमावशीनं शहाळी फोडली, पीठ कुटलं, मळलं, कानाची पाळी दाबून बघितली. गजराआत्या म्हणाल्या, "हिरू, पाटाला आम्ही बसतो," आणि ती भिंतीकडे सरकली. मला राग आला. तिच्या चेहऱ्यावर मी तोच राग शोधला, पण तो तिथे नव्हता. पहिली शेवई निघाली, बाया उठल्या, ती पाटाला बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाईंना वेळ आहे का?"

मी टोक धरलं. शाळेबद्दल तिनं विचारलं, नीलूला दिवस गेलेत ते सांगितलं. माझ्या एसटीची वेळ झाली तेव्हा शेवई अंगणापर्यंत आली होती. हात थांबवणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी ते टोक जवळच्या एका बाईच्या हातात दिलं आणि तशीच निघाले.

रस्त्यावर जाऊन वळून पाहिलं. उन्हं वर आली होती. इतक्या लांबून शेवई दिसत नव्हती. ती बाई हात पुढे धरून एकेक पाऊल मागे जात होती, आणि दाराच्या आत, सावलीत, हिरूमावशीचा तळवा पाटावरून खाली येत होता, परत वर जात होता. दोघींच्या मध्ये काही आहे हे ज्याला माहीत असेल त्यालाच कळलं असतं. पावसाळा संपता संपता नीलूचा फोन आला, म्हणाली, "आई गेली." आणि फोनवरच मोठ्यानं रडली.